चर्चची कोठी : २०२५ च्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधली मुख्य उपासना) कोठीची किल्ली ताब्यात घेतली. गरजू घरांना द्यायचं धान्य-सामान इथे साठवतात. खोली हॉलच्या मागची, आधी तिथे सणाच्या मांडवाचे बांबू असायचे. साठा मोजला. तांदूळ भरपूर. गहू एक गोणी. तूरडाळ तळाला गेलेली, तेल शून्य. नूडल्सची पाकिटं खोकाभर, ओट्स, कॉर्नफ्लेक्स, नाना तऱ्हेची सुपं, आणि त्यातली निम्मी मुदत संपलेली. लोक स्वतःचं कपाट आवरतात तेव्हा आमचं भरतं.

मुदत संपलेलं सगळं आजच बाहेर काढलं. एक जण म्हणाला, "अजून चांगलंय, गरिबाला चालेल." त्याच्याच घरी चालत नव्हतं म्हणून ते इथे आलं ना.

यादीत चाळीसच्या आसपास घरं आहेत. बहुतेक आपल्या धर्मग्रामातली (म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतली, पॅरिशमधली), काही स्टेशनकडच्या चाळींतली, काही वसईच्या किनाऱ्यावरच्या किल्लाबंदर-पाचूबंदरच्या खलाशांची. काम एसव्हीपीचं, म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी हे सुरू केलं तेव्हापासूनची रीत अशी की मदत घरी जाऊन, स्वतः बघून करायची. दोघांनी जायचं, एकट्याने नाही. बैठकीत एक पिशवी फिरते. कोणी किती टाकलं हे दुसऱ्याला कळत नाही. ही पिशवी आमची मूळ पुंजी.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरभेटी. यादीतली जुनी घरं आधी घेतली.

एका मावशींकडे पलंगाखाली तांदळाच्या तीन पिशव्या, त्यातली एक आपलीच, सुतळीही न सोडलेली. विचारलं तर आधी गप्प. मग म्हणाल्या, "रेशनला तांदूळ फुकट मिळतो भाऊ. तुमचा पण तांदूळच. भातावर घालायला काय?" पुढे त्यांनीच सांगितलं की कोपऱ्यावरचा दुकानदार आमचा तांदूळ निम्म्या भावात घेतो आणि बदल्यात तेल देतो. रागावण्यासारखं यात काही नाही. त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का आहे.

१ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य फुकट आहे. प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी ५ किलो, अगदी गरिबांच्या अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. आमची पिशवी मात्र त्याच्या आधीपासून तीच चालत आली : १० किलो तांदूळ, ५ किलो गहू, १ किलो डाळ, १ किलो साखर. सरकार जे देतं तेच आम्ही पुन्हा देतोय, तेही वर्गणी काढून.

२ मार्च, रविवार

बैठक लांबली. मी दोन पिशव्यांचा प्रस्ताव ठेवला.

पिवळी चिठ्ठी : कार्डावर धान्य मिळतं त्या घरांना. तांदूळ-गहू नाही. २ किलो तूरडाळ, १ किलो मसूर किंवा वाटाणे, २ पिशव्या तेल, साखर, चहा पावडर, मीठ, साबण.

हिरवी चिठ्ठी : कार्ड नाही, किंवा कार्ड आहे पण धान्य नाही. त्यांना तांदूळ आणि पीठ, वर डाळ-तेल.

अध्यक्षांना पटेना. "तांदूळ नाही तर ते रेशन कसलं?" ते जुन्या पिढीचे, १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिलाय, घरात धान्याची गोणी दिसली की त्यांना धीर येतो. सिस्टरांनी बाजू घेतली म्हणून ठराव झाला. दवाखान्यात त्या रोज बघतात : पोट भरलेलं असतं, पण बायांच्या अंगात रक्त नसतं.

दुसऱ्याही एका गोष्टीवर वाद झाला. केशरी कार्ड दिसलं की आमचे लोक "यांना मिळतं" असं लिहून टाकतात. तसं नसतं. केशरीतली काही घरं प्राधान्य यादीत आहेत, काही नाहीत, आणि जी नाहीत त्यांना आपल्या जिल्ह्यात धान्याचा दाणा मिळत नाही. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार, गावात ४४ हजार. म्हणजे चार घरची धुणीभांडी करणारी बाई खरं उत्पन्न लिहील तर बाहेर पडेल. यापुढे कार्डाचा रंग बघून थांबायचं नाही. गेल्या महिन्यात दुकानातून काय आणलं, एवढंच विचारायचं.

५ मार्च, राखेचा बुधवार

फादरांनी मिस्साच्या शेवटी यादी वाचली : तेल, तूरडाळ, साखर, चहा, साबण. मग थांबून, "तांदूळ नको, नूडल्स नको." लोक हसले. आजपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळभर दर रविवारी अर्पणविधीत एकेका विभागाने वस्तू आणायच्या असं ठरलंय.

९ मार्च, रविवार

तरी नूडल्स आल्याच.

२२ मार्च, शनिवार

खरेदी. शिकण्यासारखं बरंच.

जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा मोठ्या गोणीवर नाही. म्हणून घाऊकवाल्याकडे ३० किलोच्या गोण्या दिसतात. आपण ३० चीच घ्यायची आणि इथे वजनकाट्यावर किलो-किलोच्या पिशव्या भरायच्या. तरुण मंडळाची पोरं शनिवारी दुपारी येतात, त्यांच्याकडून हे काम उत्तम होतं. फक्त मोबाइल बाजूला ठेवायला लावावे लागतात.

तेलाच्या पिशवीवर किंमत वाचायच्या आधी ग्रॅम वाचायचे. लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम असायला हवेत. हल्ली तशीच दिसणारी ८५० आणि ८०० ग्रॅमचीही असते, आणि घाईत "लिटरवाली द्या" म्हटलं की तीच हातात येते. १५ किलोचा डबा स्वस्त पडतो, पण वाटायला बाटल्या लागतात, बाटल्या धुवाव्या लागतात, आणि ओल्या बाटलीतलं तेल खवट होतं. पिशव्याच बऱ्या.

तूरडाळ मध्यम प्रतीची घेतली. पॉलिश केलेली चकचकीत डाळ बघून दुकानदार मान डोलवत होता, पण ती शिजायला आपल्या डाळीसारखीच, भाव मात्र वेगळा.

१२ एप्रिल, शनिवार

वाटपाची वेळ बदलली. आजवर दुसऱ्या मिस्सानंतर व्हायचं. म्हणजे सगळा गाव चांगल्या कपड्यांत बाहेर पडत असताना तीस-चाळीस माणसं पिशवी घेऊन रांगेत उभी. काही घरं त्यामुळेच येत नव्हती. त्यांची पिशवी शेजारीण न्यायची. आता शनिवारी संध्याकाळी ५ ते ८. घरकाम करणाऱ्या बायकांना सोयीचं, आणि हॉलच्या मागच्या फाटकातून येता येतं.

आजपासून शेल्फही सुरू. ठरलेली पिशवी हातात मिळते, वर शेल्फवरच्या कोणत्याही पाच वस्तू आपल्या आपण उचलायच्या. कोणी काय घेतलं याची नोंद ठेवतोय, माणसांची नाही, वस्तूंची. पहिल्या तासात चहा पावडर संपली. मग कपड्याचा साबण, मग सॅनिटरी पॅड (ते सिस्टरांनी आठवणीने ठेवायला लावले होते), मग खोबरेल तेल. ओट्सला कोणी हात लावला नाही. एका आजींनी पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "हे कशाशी खातात?" मी काय सांगणार, मीही कधी खाल्लेलं नाही.

एक आजोबा पाच वस्तूंच्या जागी पाच काडेपेट्या घेऊन गेले. विचारायचं नाही असं ठरलंय, म्हणून विचारलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी. काल ईस्टरला बाल्कनीत दिसले होते. आजची बैठक पुढे ढकलली, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना.

१० मे, शनिवार

मसाला!

मार्चमध्ये एका घरभेटीत निघालेला विषय. एकट्या राहणाऱ्या विधवा आजी, स्वयंपाक अगदी नीटनेटका, पण म्हणाल्या, "मसाला सरला की चव गेली." वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करायचा तर मिरची, धणे, गरम मसाला सगळं एकदम विकत घ्यावं लागतं. हातावर पोट असलेल्याला ते जमत नाही. मग पावसाळाभर दहा रुपयांची पुडी. ती वर्षाकाठी कितीतरी महाग पडते, आणि त्यात मिरची किती, लाल रंग किती, देव जाणे.

महिला मंडळाने मनावर घेतलं. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, काश्मिरी थोडी. हॉलच्या गच्चीवर दोन दिवस ऊन दिलं. देठ काढायला यादीतल्या घरांतल्या बायकाही आल्या, नव्हे, त्यांनीच पुढाकार घेतला. कारण प्रमाण त्यांना पाठ. आमच्या खजिनदार बाईंचं धण्याचं माप एका आजींनी सरळ बदलून टाकलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही. डंकावर कुटून आणला. घरटी अर्धा किलो, बरण्यांत दाबून, वर हिंगाचा खडा.

वर्षभरात घेण्यासारखं हेच एक काम असतं तरी चाललं असतं.

२४ मे, शनिवार

सुका जवळा आणि बोंबील घेतले. १ जूनपासून मासेमारी बंद, दर्याकाठच्या घरांत आता मजुरी नाही. खलाशांची काही नवी घरं दोन महिन्यांपुरती यादीत घेतली. सुकी मासळी पत्र्याच्या डब्यात, कोठीबाहेर व्हरांड्यात. एकदा साखरेला वास लागला की लागला.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईत मान्सून इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणतात. फळ्या टाकून गोण्या उचलून घेतल्या, भिंतीपासून वीतभर लांब. छताची डागडुजी जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची ठरली होती. आता ताडपत्री.

१४ जून, शनिवार

सरकारने जून, जुलै, ऑगस्टचं रेशन एकदम दिलंय. कागदावर सोय चांगली, पण पाच माणसांच्या घरात ७५ किलो धान्य येतं आणि खोली दहा बाय बारा. पलंगाखाली, मोरीच्या कट्ट्यावर, देवाच्या फोटोखाली गोण्या. दोन घरांत छप्पर गळून तांदूळ भिजलाही. एका हार्डवेअरवाल्याने वापरलेले, पण खाण्याच्या वस्तूंचेच निळे ड्रम स्वस्तात दिले. ते धुऊन-वाळवून उसने देतोय, ऑगस्टअखेर परत घ्यायचे. या महिन्यात अन्नदानाऐवजी ड्रमदान.

सोबत दुसरं काम वाढलं : ई-केवायसी, म्हणजे रेशनसाठी आधारवरून ओळख पटवणं. कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं करायचं. दुकानात अंगठा लावायला गेलं तर ज्यांनी आयुष्यभर भांडी घासली त्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवतं. "मेरा ई-केवायसी" ॲपवर चेहरा दाखवून होतं. तरुण मंडळाच्या एका मुलीने वाटपाच्या वेळी हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. चष्मा काढा, उजेडाकडे बघा, डोळे मिटा-उघडा. ज्यांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही ते मात्र अडकतात. त्यांची वेगळी यादी केली, आधार केंद्रावर एकत्र न्यायचं.

या टेबलाने एका संध्याकाळी जेवढं धान्य वाचवलं तेवढं आमची वर्गणी वर्षात आणत नाही. हे पॅरिश कौन्सिलच्या अहवालात ठळक लिहायला हवं, नाहीतर "किती पिशव्या वाटल्या" एवढाच आकडा विचारतात.

तेल : मेअखेर कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. घाऊकवाला म्हणतो, भाव उतरायला वेळ लागेल. चढताना लागत नाही.

१२ जुलै, शनिवार

मसुरीत टोके, रव्यात जाळी. रवा-मैदा पावसाळ्यात साठवायचाच नाही, हे दारावर लिहून लावलं. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवली होती, ती शाबूत. तांदळात कडुनिंबाचा पाला. जुनं आधी, नवं मागे. पोरं भरताना नेमकं उलटं करतात, म्हणून प्रत्येक पिशवीवर महिना लिहायचा.

एका सदस्याने "धान्यात ठेवायच्या गोळ्या" आणल्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. दमट हवेत त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणसं मारतो. गोदामात जाणकाराने वापरायची वस्तू ती. आमच्या भिंतीपलीकडे रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. जिथून आणल्या तिथे परत द्यायला लावल्या. किड्यांचं धान्य ऊन पडेल तेव्हा चाळू, नाहीतर कोंबड्यांना घालू.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. रस्त्यावर गुडघाभर पाणी, लोकल बंद. कोठीच्या उंबऱ्याला पाणी टेकलं, आत आलं नाही. खालच्या फळीवरच्या गोण्या स्टेजवर हलवल्या. ज्यांच्या चुली पाण्यात आहेत त्यांना डाळ देऊन काय उपयोग? शेजारच्या घरांतून चपात्या गोळा केल्या. महिला मंडळाने हॉलमध्ये बटाट्याची भाजी केली. आणि होय, पडून राहिलेल्या नूडल्सचा खोका आज तासाभरात संपला. मुलांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

यंदा गणपतीला सरकारी "आनंदाचा शिधा" आला नाही. २०२२ च्या दिवाळीपासून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल मिळायचं, लोकांनी ते धरलेलं. स्टेशनकडच्या हिंदू घरांनी विचारलं. आमच्या शेल्फवर चणाडाळ आणि गूळ होता, तो गेला. दिवाळीला आधीच जास्त मागवायचं.

२७ सप्टेंबर, शनिवार

संत व्हिन्सेंटचा सण. संध्याकाळी मिस्सा, नंतर बैठक.

२२ तारखेपासून जीएसटी बदलला. अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर. कपड्याची पावडर मात्र १८ वरच. पुढची साबणाची खरेदी जुना छापील भाव खोडलेला बघून करायची.

एका कंपनीचे लोक आले होते. वर्षभराचं तेल द्यायला तयार. अट एकच : वाटपाच्या वेळी बॅनर आणि फोटो, "लाभार्थी" सोबत. अध्यक्ष मोहात पडले. मला दोष देता येत नाही, वर्षभराचं तेल म्हणजे केवढं तरी. मी म्हटलं, फोटो गोण्यांचा काढा, कोठीचा काढा, माझा काढा. माणसांचा नाही. त्या बायकांची पोरं याच शाळेत जातात आणि याच पोरांचे मित्र मोबाइलवर तो फोटो बघणार. कंपनीचे साहेब जरा हिरमुसले. विचार करून कळवतो म्हणाले.

५ ऑक्टोबर, रविवार

कंपनीचा निरोप : सहा महिन्यांचं तेल, फोटो गोण्यांचा. चालेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

नालासोपाऱ्याकडून एक नवं कुटुंब. नवरा बांधकामावर, बायको दोन लहान मुलं घेऊन घरी. कार्ड उत्तर प्रदेशातलं, म्हणून आमच्या माणसाने हिरवी चिठ्ठी दिली होती. पण "एक देश एक रेशन कार्ड" आता सगळ्या राज्यांत चालतं. गावाकडे सासू-सासरे त्यांच्या वाट्याचं घेतात, हे इथल्या दुकानात आपल्या वाट्याचं घेऊ शकतात, कार्ड तेच. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुकानदाराने आधी "स्टॉक नाही" म्हटलं. आमचे दोघं जण सोबत गेल्यावर स्टॉक निघाला.

पुढच्या महिन्यापासून यांना पिवळी चिठ्ठी.

१६ नोव्हेंबर, रविवार

गरिबांचा जागतिक दिन. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला, २०१७ पासून पाळतात. पॅरिशने हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. सूचना आली होती की यादीतल्या घरांना पुढच्या टेबलांवर बसवून मान द्यावा. मान कसला, ओळखपरेड. सगळ्या धर्मग्रामाला बोलावलं, जो येईल तो बसेल. अध्यक्षांच्या शेजारी कोण बसलं होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

याच बैठकीत पिशवीत प्रार्थनेचं कार्ड घालावं असंही कोणी सुचवलं. फादरांनीच नाही म्हटलं. यादीत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आदिवासी पाड्यावरची घरं आहेत. डाळीसोबत कार्ड गेलं की डाळीचा अर्थ बदलतो. आणि सध्याच्या दिवसांत तो अर्थ आम्ही नाही, दुसरेच कोणी ठरवतील. ज्याला प्रार्थना हवी त्याला चर्चचं दार माहीत आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

नाताळचं वाटप. दरवर्षी बेकरीतला तयार फराळ पुडक्यात घालून द्यायचे. यंदा मैदा, साखर, तूप, सुकं खोबरं, तीळ आणि एकेक नारळ दिला. करंज्या, कलकल ज्याने त्याने घरी करायचे. तयार पुडकं शेजाऱ्याला देता येत नाही, ते कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरी केलेलं ताट देता येतं.

मैदा डिसेंबरात टिकतो, म्हणून घेतला. उरला तर जानेवारीत शेल्फवर, फेब्रुवारीनंतर नाही.

२८ डिसेंबर, रविवार

फेब्रुवारीत तांदूळ देऊन तेल घेणाऱ्या त्या मावशींच्या मुलाला वसईत कायमची नोकरी लागली. त्यांनी स्वतः येऊन नाव काढायला सांगितलं. जाताना कोठीत डोकावून म्हणाल्या, तूरडाळ गेल्या महिन्यात शिजत नव्हती, दुकान बदला. खरंय, आणखी दोघींनी तेच सांगितलंय.

जानेवारीची कामं : दुसऱ्या घाऊकवाल्याकडून तूरडाळीचा नमुना आणून इथे शिजवून बघणे. छप्पर पावसाळ्याची वाट न बघता. उसने गेलेले तीन ड्रम अजून यायचे आहेत. आधारवाल्यांची उरलेली यादी. मिरचीसाठी फेब्रुवारीपासून वेगळा डबा, खजिनदार बाईंना विचारून.